बुजवलेला सांडवा

मी एक जुनी ताल आहे. शहरातल्या मुलांनी माझे नाव ऐकले नसेल, म्हणून आधी ओळख करून देते. शेताच्या उताराला आडवा घातलेला दगडमातीचा मोठा बांध म्हणजे ताल. डोंगरावरून धावत येणारे पाणी मी अडवते, रानात जिरवते आणि त्याच्याबरोबर वाहत आलेली माती पोटाशी धरून ठेवते. निदान ठेवत होते. मित्रांनो, आज तुमच्याशी बोलते आहे ती मी मधोमध फुटलेली आहे. भरली बैलगाडी निघून जाईल एवढे भगदाड माझ्या अंगात पडले होते. त्यातले निम्मे अजून तसेच आहे.

माझे ठिकाण औंधच्या पलीकडे, खटावच्या माळावर. इथून यमाईच्या देवळाचा डोंगर दिसतो. माझ्या वरच्या अंगाला लालासाहेबांचे रान आणि त्यांची वस्ती आहे. खालच्या अंगाला धनाजीचे वावर आणि त्याचे दोन खोल्यांचे घर. दोघांच्या मध्ये मी. वरच्या माणसाला माझे पोट दिसते, खालच्याला माझी पाठ. माझ्या पलीकडे किती पाणी तुंबले आहे ते खालच्याला दिसत नाही. त्याने वर चढून बघावे, नाहीतर माझ्यावर भरवसा टाकून झोपावे. हे तेवढे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचे सगळे कळेल.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. त्या साली माणसे कामावर येत ती पोटासाठी. दिवसभर खडी फोडायची, पाट्यांनी माती वाहायची आणि दुपारी सरकारने वाटलेली मूठभर सुकडी खायची. लालासाहेब तेव्हा मिसरूड फुटलेले तरणे होते. त्यांचे वडील रानाचे मालक, पण दुष्काळाने मालकाच्याही हातात टिकाव दिला होता. धनाजीचे आईवडील माझ्यावर माती टाकत. धनाजी तान्हा होता. बाभळीला बांधलेल्या झोळीत तो रडायचा, आणि त्याची आई दोन खेपांच्या मध्ये धावत जाऊन त्याला झोका द्यायची. उपाशी माणसांनी मला उभी केली, म्हणून मी कधी उतले मातले नाही.

मग प्रश्न आला सांडव्याचा. तालीच्या एका टोकाला दगडी उंबरठा ठेवतात. त्याला आमच्याकडे पायरी म्हणतात. पाणी पायरीला लागले की जादाचे पाणी तिथून बाजूच्या वाटेने ओढ्याला निघून जाते. या वाटेचे नाव सांडवा. पायरी उंच ठेवली तर पाणी जास्त साठते, वरच्याचा फायदा. पण तेवढे ओझे खालच्याच्या डोक्यावर वाढते. लालासाहेबांच्या वडिलांनी सांगितले, पायरी वीतभर वर घ्या. दगड बसवणारा म्हातारा मिस्त्री तंबाखू मळत बसून राहिला.

"मालक, फुटली तर पानी कुनाच्या डोस्क्यावर जानार?" त्याने विचारले. "त्या खालच्या गड्याच्या. मंग पायरी त्यानंच दावायची. त्याबगर मी दगुड उचलत न्हाई."

त्या काळात धनाजीच्या वडिलांसारख्या माणसाने मालकाला काही दाखवावे, ही गोष्ट गावात कुणाला रुचणारी नव्हती. मालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण मिस्त्री हटेना, काम अडले, आणि काम अडले म्हणजे संध्याकाळची भाकरी अडली. शेवटी धनाजीचे वडील आपल्या वावरात उभे राहिले आणि त्यांनी हात उंच करून दाखवला. त्या हाताच्या पातळीला पायरी बसली.

तेव्हापासून रिवाज पडला. दर वर्षी बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आधी वरचे आणि खालचे घर मिळून सांडवा साफ करायचे. झुडपे काढायची, निसटलेले दगड बसवायचे, खालच्या माणसाने वावरात उभे राहून हाताने पायरी दाखवायची, मग नारळ फोडायचा. लालासाहेबांच्या वडिलांनी हे नाइलाजाने केले. लालासाहेबांनी मात्र मनापासून केले. धनाजी मोठा झाल्यावर ते त्याला मुद्दाम हाक मारून म्हणत, "ये गड्या, दाव तुजी पायरी. तू दावल्याबगर माजा बेंदूर सुरू हुईना."

मित्रांनो, ती वर्षे माझ्या सुखाची होती. माझ्या पोटाशी काळी माती साठली, तिच्यात थंडीच्या दवावर शाळू, म्हणजे हिवाळी ज्वारी, डोलायचा. शाळूच्या तासांमध्ये करडई, कडेने हरभरा. पावसाळ्यात बाजरी, तिच्यात मटकी आणि तूर. एक पीक रुसले तर दुसरे पदरात पडायचे. माझ्या अंगावर तरवड, घायपात आणि पवना गवत होते, त्यांच्या मुळांनी माझी माती घट्ट बांधून ठेवली होती. आणि माझ्यातून झिरपणारे निवळ पाणी धनाजीच्या वावराला ओल द्यायचे.

ते वावर आधी नुसता मुरूम होता. धनाजीच्या आईवडिलांनी ओढ्यातला गाळ पाटीपाटीने डोक्यावरून आणून तिथे टाकला. मग धनाजी आणि त्याची बायको बनाबाई यांनी तेच केले. कामाला जायच्या आधी चार पाट्या, कामावरून आल्यावर चार पाट्या. असे करता करता गुडघाभर माती झाली. बनाबाई गेली तेव्हा धनाजी रडत म्हणाला होता, "तिचं निम्मं आयुष्य ह्या मातीत हाय." मी ऐकले होते. ते अक्षरशः खरे होते.

पुढे आभाळाने रीत सोडली. मृगाचा पाऊस मृगात येईना. आर्द्रा कोरड्या, पुनर्वसू कोरडा, आणि दिवाळीला चांदण्या बघाव्यात तर पणत्या विझवणारा पाऊस. नक्षत्रे बघून पेरणाऱ्यांची पेरणी वाया जाऊ लागली. मी जमिनीत रुतून उभी असते, मला कुठे जाता येत नाही, पण वारे मला कळते. वाऱ्याची चाल बदलली होती. मी मनातून धास्तावले.

त्यातच लालासाहेबांना अर्धांगाचा झटका आला. एक हात आणि एक पाय गेला, जीभ जड झाली. वस्तीच्या ओसरीवर त्यांची खाट पडली. त्यांचा मुलगा उदयसिंह फौजेतून निवृत्त होऊन घरी आला आणि रानाचा कारभार त्याच्या हातात गेला. गावात सगळे त्याला मेजर म्हणत. तो वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. भल्या पहाटे उठणारा, हाताने काम करणारा, बापाला स्वतः आंघोळ घालणारा. नोकरीची बरीच वर्षे त्याने राजस्थानच्या वाळूत काढली होती. तिथली माणसे भांडी घासलेले पाणीसुद्धा झाडाला घालतात, हे त्याने पाहिले होते. पाणी वाहून गेलेले त्याला बघवत नसे.

त्याने शाळू मोडून सगळ्या रानात आले लावले. आल्याचा भाव तेव्हा चढा होता आणि अख्खा सातारा आल्याच्या मागे लागला होता. मग ओळीने तीन पावसाळे दगा देऊन गेले. विहिरीचा तळ दिसू लागला. आल्याची पाने पिवळी पडून मातीत लोळली, आणि शाळू नव्हता, मटकी नव्हती, मागे काहीच नव्हते. उदयसिंह बांधावर बसून ती पिवळी पाने बोटांनी कुस्करायचा. मला त्याची कीव यायची.

त्याची बहीण सांगलीकडे, आष्ट्याला दिली आहे. एकदा ती फोनवर मोठ्याने बोलत होती, मला ऐकू आले. "दादा, आमच्या उसात पुराचं पानी शिरलंय. शेंडंसुदिक दिसंनात. आन् तू टँकरची वाट बघतूयास व्हय?"

"मग धाड की थोडं हिकडं," उदयसिंह हसून म्हणाला. एका आभाळाखाली एक बहीण बुडते आहे आणि भाऊ तहानेला आहे, यात हसण्यासारखे काय होते ते मला समजले नाही.

त्याच उन्हाळ्यात गावात शिवारफेरी निघाली. कृषी सहायक सोनममॅडम वीस-पंचवीस माणसे घेऊन रानोरान हिंडल्या आणि माझ्या माथ्यावर येऊन थांबल्या. त्या म्हणाल्या, "पाऊस आता दोन्ही बाजूंनी मारणार. महिना महिना यायचा नाही, आणि येईल तेव्हा महिन्याचं पाणी एका दुपारी ओतून जाईल. म्हणून पाणी अडवा, पण जादा पाण्याची वाट आधी मोकळी करा. बांधावरचं गवत तोडू नका. सगळं रान एकाच पिकाखाली घालू नका. शाळू, तूर, हरभरा, थोडं थोडं सगळं ठेवा. जमीन उघडी ठेवू नका."

धनाजीची सून प्रियंका पुढे उभी होती. तिचा नवरा मिलिंद पुण्याला कारखान्यात होता आणि घर, शेळ्या, वावर तिच्याच अंगावर होते. तिने सगळे नीट विचारून घेतले. उदयसिंहानेही कान देऊन ऐकले. पण तहानेल्या माणसाच्या कानात 'पाणी अडवा' एवढेच शब्द शिरतात. पुढचे शब्द माझ्या माथ्यावरच राहून गेले.

आठवड्याभरात जेसीबी आला. त्याने माझ्या अंगावरचा तरवड आणि घायपात ओरबाडून काढला, कारण उदयसिंहाला माझ्या माथ्यावरून ट्रॅक्टरची वाट हवी होती. मग माझ्यावर कमरेइतकी भुसभुशीत माती चढवली. तिच्यावर ना चोपणी, ना दगड. आणि शेवटी त्याने सांडवा बुजवला. पायरीवर मुरमाची पोती रचली, वर सिमेंट ओतले, वर आणखी मुरूम. माझा श्वास कोंडला.

धनाजी आवाज ऐकून धावत वर आला. "मेजर, आवं सांडवा का बुजवताय? सांडव्याबगर ताल असती व्हय कुटं?"

"नाना, तीन वर्सं झाली, सांडव्यातनं थेंब तरी गेलाय का?" उदयसिंह म्हणाला. "पाऊसच न्हाई, तर सांडवा कशाला? यंदा एक थेंब भाईर जाऊ द्यायचा न्हाई. हीर भरली तर तुमच्याबी वावराला पाझर लागंल."

"पर बेंदराला पायरी दावायची असती. तुमच्या आबांनी कवा मोडली न्हाई ती रीत."

"ती जुनी गोष्ट झाली, नाना. तुमाला काय तरास व्हनार न्हाई, माजा शबुद हाय."

प्रियंका मागून आली होती. ती स्पष्ट बोलणारी. "उदयदादा, शबुद तुमचा आन् घर आमचं. मॅडमनी काय सांगितलं ते तुमीबी ऐकलंय. येकदम पाऊस आला तर?"

"आला तर येऊ दे की, त्याचीच वाट बघतुया," असे म्हणून उदयसिंह हसला आणि त्याने जेसीबीवाल्याला हात केला. धनाजी थोडा वेळ उभा राहिला. त्याला आणखी बोलायचे होते. पण तीन वर्षे धनाजीच्या घरचे पिण्याचे पाणी उदयसिंहाच्याच टाकीतून येत होते, आणि ज्याचे पाणी प्यावे त्याच्याशी भांडावे कसे, हे त्याला कळेना. तो मुकाट्याने खाली गेला. मित्रांनो, मला त्या वेळी जीभ असती तर मी किंचाळले असते.

बेंदूर आला. त्या दिवशी ओसरीवरच्या खाटेवरून, जिथून सांडवा दिसत नसे, लालासाहेबांचा जड आवाज आला. "उदय, सांडवा साफ केला का रं?"

"व्हय, आबा," उदयसिंह म्हणाला.

"धनाजीनं पायरी दावली?"

उदयसिंह बैलाच्या शिंगांना रंग देत होता. त्याने मान वर केली नाही. "दावली की," तो म्हणाला. लालासाहेबांनी समाधानाने डोळे मिटले. म्हाताऱ्याशी खोटे बोललेला मुलगा रंगवून झालेले शिंग पुन्हा रंगवत राहिला, ते मला इतक्या लांबून दिसले.

श्रावण कोरडा गेला. भाद्रपदात मात्र चांगल्या चार-दोन सरी झाल्या आणि माझ्या पोटात पाणी चढू लागले. सांडव्यातून गेले असते तेही पाणी राहिले. विहीर भरली. उदयसिंहाने राखून ठेवलेल्या बियाण्याचे आले वरच्या टोकाला हिरवेगार उभे राहिले. लोक मुद्दाम बघायला येऊ लागले. "मेजरनं ताल भरली गड्या, लय डोकं हाय," असे म्हणू लागले, आणि घरी जाऊन कुणी आपल्या तालीचा सांडवा बुजवला, कुणी बांधावरची झाडे तोडली. माझे इतके कौतुक आधी कधीच झाले नव्हते. मी मात्र आतून भिजत चालले होते.

माझ्या पोटात तुटून राहिलेल्या, कुजलेल्या मुळांची भोके पडली होती. ज्या जागी तरवडाची मुळे मातीला आवळून धरीत, तिथे आता पोकळ नळ्या होत्या आणि त्यात पाणी बोट घालू लागले. माझ्या पाठीवर, धनाजीच्या बाजूला, एक ओली रेघ उमटली. पाझर नेहमी निवळ असतो. हा पाझर गढूळ होता. म्हणजे पाण्याबरोबर माझी माती निघाली होती.

हे सर्वांत आधी कुणी पाहिले असेल तर उदयसिंहाने. तो खाली उतरला, ओल्या रेघेला त्याने हात लावला, ती माती दोन बोटांत चोळली. फौजेत त्याने खंदक खणले होते, माती काय सांगते ते त्याला कळत होते. त्याने सांडव्याकडे पाहिले, मग भरलेल्या विहिरीकडे, मग आल्याच्या हिरव्या पानांकडे. "येवढं नवरात्र जाऊ दे," तो स्वतःशीच म्हणाला. "मग थोडं मोकळं करू." आणि बोटे पँटीला पुसून तो वर चढून गेला. तीन वर्षे तहानेने होरपळलेल्या माणसाला पाणी सोडवत नाही. मी त्याला दोष तरी कसा देऊ, पण भीतीने माझे दगड सैल झाले होते.

नवरात्रातली ती दुपार. निम्मा गाव औंधला देवीला गेलेला. वारे एकाएकी पडले. पाखरे ओरडायची थांबली. डोंगरामागून जे आभाळ आले ते काळे नव्हते, तांबूस होते, आणि ते चालत आले नाही, कोसळले. समोरचा माणूस दिसेना असा पाऊस. डोंगराच्या सगळ्या ओघळी एकदम माझ्यावर चालून आल्या. घटकेभरात पाणी जुन्या पायरीच्या कितीतरी वर गेले आणि बुजवलेल्या सांडव्याला धडका मारू लागले.

उदयसिंह पहार घेऊन धावत आला आणि मुरमावर घाव घालू लागला. सिमेंट घट्ट झाले होते, पहार टणत्कार करून परत यायची. खालून धनाजी टिकाव घेऊन चढला. दोघे शेजारी शेजारी उभे राहून फोडू लागले. ओसरीवरून लालासाहेब ओरडत होते, "उदय, सांडवा! आरं सांडव्याचा आवाज का येईना?"

"नाना, सरकत न्हाई," उदयसिंह रडकुंडीला आला.

"मार, मेजर, मार!" धनाजी म्हणाला. आणि मग त्याला पायाखाली माझी थरथर जाणवली. तो वळून जिवाच्या आकांताने ओरडला, "प्रियंका! घरात थांबू नगंस! शेळ्या सोड! वढ्याकडं न्हाई, माळाकडं पळ!"

मी धरून ठेवले, मित्रांनो. खरेच सांगते, होते नव्हते तेवढे बळ लावून मी धरून ठेवले. प्रियंका शेळ्यांना हाकत वावर ओलांडून जाते आहे एवढेच मी बघत होते. ती माळाच्या चढाला लागली, शेवटच्या शेळीचा पाय वावराबाहेर पडला, आणि माझ्या पोटातली एक नळी फुटली. नवी भुसभुशीत माती तर गुळासारखी विरघळली. मग माझा मधला भाग आवाज करून गेला.

जीव कुणाचा गेला नाही. तेवढे देवाने राखले. पण तुंबलेले सगळे पाणी एका लोंढ्याने धनाजीच्या वावरातून गेले. घराची एक भिंत गेली, चूल गेली, कणगी गेली. पाऊस थांबला तेव्हा वावर नव्हतेच. जिथे गुडघाभर माती होती तिथे धुतलेला पांढरा खडक उघडा पडला होता. दोन पिढ्यांनी डोक्यावरून वाहून आणलेले सगळे ओढ्यात गेले होते, ओढ्यातून नदीत, आणि नदीतून कुठे ते कुणाला ठाऊक. वरच्या रानाचेही तेच. आले मुळासकट निघून गेले आणि विहीर गाळाने तोंडापर्यंत भरली. ज्या पाण्यासाठी एवढे केले ते एक घोटही राहिले नाही. गावात आणखी ज्यांनी सांडवे बुजवले होते त्यांच्या ताली त्याच दुपारी गेल्या.

दुसऱ्या दिवशी लालासाहेबांनी हट्ट धरला. चौघांनी त्यांची खाट उचलून माझ्याजवळ आणली. त्यांनी भगदाड पाहिले, मग बुजवलेला सांडवा पाहिला. त्यांचा चांगला हात खाटेच्या माचव्यावर आपटत होता.

"यंदा पायरी कुनी दावली हुती?" त्यांनी विचारले.

"कुनी न्हाई, आबा," उदयसिंह म्हणाला. "मी खोटं बोललो."

लालासाहेबांनी पुन्हा भगदाडाकडे पाहिले. "मंग ही ताल न्हवतीच," ते म्हणाले. "नुस्तं तुंबलेलं पानी हुतं." त्यानंतर ते मुलाशी बरेच दिवस बोलले नाहीत. खाटेवर पडून ते खालच्या खडकाकडे बघत असत आणि त्यांच्या एका डोळ्यातून पाणी येई.

हिवाळा सरला तसे उदयसिंहाने मला पुन्हा बांधायला घेतले. या वेळी जेसीबीने नाही. गावातली माणसे एकमेकांच्या कामाला पैऱ्याने येतात तशी आली, दगड रचले, माती थराथराने टाकून चोपली. सोनममॅडमनी आणून दिलेले वाळ्याचे गड्डे माझ्या उतारावर लावले. उदयसिंहाने विहिरीतला गाळ काढला, पण त्यातली एक पाटीही स्वतःच्या रानात टाकली नाही. रोज संध्याकाळी तो ट्रॉली भरून धनाजीच्या खडकावर ओततो. मोठ्या खडकावर ती माती ठिगळासारखी दिसते.

मग सांडव्याची पायरी बसवायची वेळ आली. उदयसिंह दगडाशेजारी उभा राहिला आणि त्याने खाली हाक मारली, "नाना, या. पायरी दावा."

धनाजी आपल्या पडक्या भिंतीला टेकून बसला होता. त्याने वर पाहिलेसुद्धा नाही. "माज्या वावरात आता बुडायला काय ऱ्हायलंय, मेजर?" तो शांतपणे म्हणाला. "लाव कुटंबी."

इतक्या वर्षांत मी पुष्कळ ऐकले आहे, पण इतके भयंकर काही ऐकले नव्हते. त्याने शिव्या दिल्या असत्या तर उदयसिंहाला सोसल्या असत्या. हे सोसले नाही. तो दगडावर बसला आणि लहान मुलासारखा हमसून रडला. काम तसेच थांबले.

मिलिंद तर रोज फोन करून म्हणत होता, सगळे सोडा आणि पुण्याला या. बोचकी बांधून तयार होती. पण प्रियंका उठली. ती त्या उघड्या खडकावर, जिथे कालच्या ट्रॉलीची माती पडली होती तिथे जाऊन उभी राहिली. तिने हात वर केला आणि मग तो थोडा खाली आणला.

"हितं," ती म्हणाली. "सासऱ्यांच्या वडलांनी दावली हुती त्याच्या वीतभर खाली. पाऊस आता पयल्यासारखा ऱ्हायला न्हाई. हीर कमी भरंल, भरू दे. तुमी आल्याच्या जागी शाळू पेरा, तूर पेरा. जमत असंल तर सांगा, न्हाईतर आमी हे निघालो."

"जमंल," उदयसिंह म्हणाला. "तू म्हनशील तितंच बसंल."

तिच्या हाताच्या पातळीला पायरी बसली आहे. बोचकी सुटली नाहीत. एक पावसाळा बघू, असे प्रियंकाने मिलिंदला सांगितले आहे. म्हणजे त्या घराचे राहणे आणि जाणे दोन्ही आता माझ्यावर आहे, आणि माझे तर निम्मे अंग अजून उघडे आहे.

मित्रांनो, तुमच्या गावाच्या शिवारातही माझ्या बहिणी असतील. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात, आणि लोंढा आल्यावर सांडवाही खणू नये. त्यांच्या अंगावरचे गवत कुणी उपटत असेल तर त्याचा हात धरा. सगळे रान एका पिकाच्या हवाली करू नका. पाणी अडवायच्या आधी खाली कुणाचे घर आहे ते उतरून बघा, आणि त्या घराला विचारा. हे पुढच्या वर्षी नको, आजच करा. मी एकदा फुटून सांगितले आहे. वाहून गेलेली माती परत येत नाही, ती पुन्हा डोक्यावरून आणावी लागते.

सध्या वैशाख चालू आहे. मृगाला अजून वेळ आहे असे सगळे म्हणतात. पण आज दुपारपासून वारे पडले आहे आणि डोंगरामागचे आभाळ तांबूस झाले आहे. उदयसिंह आणि धनाजी दोघेही वर आले आहेत. ते भराभर दगड उचलून माझ्या उघड्या अंगात रचत आहेत.